लक्ष्मीबाईंची लेक, मनोरमेची आई

१८८७ साली फिलाडेल्फियात एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय घरातली बाई जन्मापासून कशी वाढते, कोवळ्या वयात तिचं लग्न कसं लावतात, नवरा गेला की तिच्या वाट्याला काय येतं, हे अमेरिकेतल्या वाचकांना त्यात सांगितलं होतं. लेखिका होत्या पंडिता रमाबाई. वय एकोणतीस. पदरी पोटची एक मुलगी, आणि तीही त्या वेळी जवळ नव्हती, इंग्लंडमध्ये होती. हे पुस्तक रमाबाईंनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं. लक्ष्मीबाई डोंगरे हे नाव अर्पणपत्रिकेत छापलं गेलं. ज्या बाईनं कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता आणि जी रायचुरात उपासमारीनं खंगून गेली होती, तिचं नाव लेकीनं समुद्रापार नेलं.

रमाबाईंविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांचं धर्मांतर, शारदा सदनावरून पुण्यात उठलेलं वादळ, ‘केसरी’ची टीका, केडगावचं मुक्ती सदन हे सगळं वाचकांना कमीअधिक ठाऊक असतं. पण हे सांगताना रमाबाई बहुतेक वेळा एकट्याच उभ्या केल्या जातात, जणू त्यांना मागचं-पुढचं कोणी नव्हतं. त्यांच्या मागे लक्ष्मीबाई होत्या आणि पुढे मनोरमा. या तिघींना एकत्र ठेवून पाहिलं तर रमाबाईंचं आयुष्य निराळं दिसतं. आईनं लेकीसाठी आणि लेकीनं आईसाठी काय सोडलं याचा हिशेब त्यात आहे, आणि तो तिघींसाठी सारखा नाही.

सुरुवात एका पुरुषाच्या हट्टापासून होते. अनंतशास्त्री डोंगरे हे आजच्या कर्नाटकातल्या, मंगळूरकडच्या मुलखातले चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी संस्कृत शिकायला ते पुण्याला आले. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवायला जात असत. एक स्त्री संस्कृत श्लोक म्हणते आहे, हे त्या तरुण विद्यार्थ्यानं तिथं पहिल्यांदा पाहिलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं मनाशी ठरवून टाकलं. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधापुढे ते जमलं नाही. ती वारल्यावर यात्रेला निघालेले शास्त्रीबुवा गोदावरीकाठी उतरले असताना दुसऱ्या एका यात्रेकरूची गाठ पडली. त्या गृहस्थाच्या सोबत बायको आणि दोन लहान मुली होत्या. बोलता बोलता सोयरीक जुळली आणि नऊ वर्षांची थोरली मुलगी चव्वेचाळिशीच्या शास्त्रीबुवांना दिली गेली. लग्न लागलं, आईवडील आपल्या वाटेनं पुढे गेले, आणि ती पोर एका अनोळखी माणसाबरोबर शेकडो कोस दूरच्या मुलखात गेली. हीच लक्ष्मीबाई.

या लग्नाला सुधारणेची कथा म्हणून गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारलं नव्हतं. आपल्याला शिकायचं आहे की नाही हेही तिनं ठरवलं नव्हतं. पुढे याच पद्धतीविरुद्ध तिच्या लेकीनं लेखणी उचलली, यातून ती पद्धत या घरानं किती जवळून पाहिली होती हे कळतं. पण लक्ष्मीबाई शिकल्या, आणि शिकलेलं त्यांनी असं आपलंसं केलं की पुढे नवरा थकल्यावर ते काम त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

बायकोला देवभाषा शिकवली म्हणून अनंतशास्त्रींवर गाव उठलं. उडुपीच्या मठात धर्मशास्त्र्यांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांतली वचनं गोळा करून दाखवली की स्त्रीला वेद वर्ज्य मानले तरी पुराणं आणि काव्य शिकवण्यात पाप नाही. त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही, तरी गावचं बोलणं थांबलं नाही. मग हे कुटुंब पश्चिम घाटात गंगामूळला, दाट रानात जाऊन राहिलं. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या तिथून उगम पावतात. तिथं त्यांनी घर बांधलं, गोठा केला, विद्यार्थी राहायला आले. यात्रेकरू येत, पाहुणे येत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक, गाईगुरं, मुलं, येणाऱ्याजाणाऱ्याचं आदरातिथ्य हा सगळा भार अर्थात लक्ष्मीबाईंवर. २३ एप्रिल १८५८ रोजी याच रानात रमाबाईंचा जन्म झाला.

आदरातिथ्यात पैसा संपला, कर्ज झालं. रमा सहा महिन्यांची असताना सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून एक माणूस डोक्यावरून नेत असे. नदीकाठी, देवळाच्या ओवरीत, पिंपळाच्या पारावर बसून पुराण सांगायचं, लोक जे दान देतील त्यावर दिवस काढायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची, असं पुराणिकाचं जिणं पुढची पंधरा-सोळा वर्षं चाललं.

रमा आठ वर्षांची झाली तोवर वडील म्हातारे झाले होते आणि त्यांची नजर अधू झाली होती. मोठ्या मुलांना त्यांनी शिकवलं, धाकटीला शिकवण्याचं काम आईनं घेतलं. दिवसभर वेळ कुठून मिळणार? लक्ष्मीबाई पहाटे, तांबडं फुटायच्याही आधी मुलीला उठवत. अंथरुणातून उचलून जवळ घेत, लाडानं जागं करत आणि श्लोक म्हणायला लावत. पुस्तक समोर नसे. आईनं म्हणायचं आणि मुलीनं मागून म्हणायचं. पाखरांची किलबिल सुरू होईपर्यंत पाठ व्हायचा आणि मग दिवसाची कामं. रमाबाईंनी ही आठवण पुढे अमेरिकेतल्या डॉ. रेचल बॉडली यांना सांगितली. बॉडली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या, त्यातूनच आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. रमाबाईंच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बॉडलींनी ही आठवण लिहिली आणि त्यामुळे ती आपल्यापर्यंत आली.

पहाटेची ही वेळ मराठी आईला आणि लेकीला ओळखीची आहे. खेडोपाडी त्याच वेळी जात्यावर दळण चालायचं आणि ओव्या गायल्या जायच्या. माहेर, आई, परक्या घरी गेलेली लेक हा त्या ओव्यांचा मोठा विषय. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा लाखावर ओव्या जमवल्या. मुलीला द्यायचं म्हणून आईजवळ जे होतं ते त्या ओव्यांमध्ये होतं. लक्ष्मीबाईंनी त्याच पहाटेला लेकीला भागवत दिलं, अमरकोश दिला, व्याकरण दिलं. त्या काळात मुलीच्या हाती हे देणं म्हणजे तिच्या लग्नाची वाट अवघड करणं होतं, आणि आईबापांना ते कळत होतं. थोरली कृष्णाबाई हिचं लग्न रीतीप्रमाणे लहानपणी लावलं होतं आणि ते फार दुःखाचं ठरलं. तो अनुभव पाठीशी होता म्हणून धाकटीला उजवायची घाई केली नाही. सोळा वर्षांची ब्राह्मणाची मुलगी, अविवाहित, आणि देवळात पुराण सांगते, हे दृश्य त्या काळी लोकांनी कसं पाहिलं असेल! त्या नजरा आईनं सोसल्या.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पसरला. दान देणारेच उपाशी राहू लागले, मग पुराणिकाला कोण विचारणार? कुटुंबाला कष्टाचं काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. होतं नव्हतं ते विकलं गेलं. १८७४ मध्ये आधी अनंतशास्त्री गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत रायचूरला लक्ष्मीबाई तापानं अंथरुणाला खिळल्या. तापाच्या ग्लानीत त्या खायला मागत. एकदा भूक अगदी सोसेना तेव्हा त्यांनी रमेला शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला पाठवलं. रमा गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतलं पाणी तिनं आवरलं तर ते नाकावाटे वाहू लागलं, असं रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या घरची बाई दयाळू होती, तिनं ओळखलं आणि बाजरीची भाकरी दिली. रमा धावत आईकडे आली. पण आईला घास गिळण्याचीही ताकद उरली नव्हती. काही दिवसांनी त्या गेल्या.

स्मशान तीन मैलांवर होतं. गावातल्या ब्राह्मणांपैकी खांदा द्यायला दोघे कसेबसे तयार झाले. तिसरा रमेचा भाऊ श्रीनिवास. चौथा खांदा रमेनं दिला. उंचीनं ती लहान होती, बाकीच्यांच्या खांद्याशी तिचा खांदा जुळेना, म्हणून तिनं तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. मुलीनं आईला खांदा दिला की आजही गावात चर्चा होते. इथं तर दीडशे वर्षांपूर्वी एका सोळा वर्षांच्या मुलीनं आईचं ओझं डोक्यावरून नेलं, आणि तेही सुधारणा करायची म्हणून नव्हे, दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

त्यानंतर बहीणही वारली. भाऊबहीण पायी हिंडत उत्तरेला गेले, काश्मीरपर्यंत पोचले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला आले. तिथं पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पहाटेच्या अंधारात आईच्या तोंडून पाठ केलेलं सगळं त्या सभेत कामी आलं. पुढे भाऊ गेला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, लग्न नोंदणी पद्धतीचं होतं आणि दोघांनाही त्यासाठी आपापली माणसं दुरावली. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा ठेवलं. ती दहा महिन्यांची होण्याआधीच बिपिनबिहारी पटकीनं गेले.

आता पोरकी, विधवा, अंगावर पिती मुलगी, आणि वय तेवीस. रमाबाई १८८२ मध्ये पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिलं, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्रीशिक्षिका आणि बायकांसाठी स्त्रीडॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. पुस्तकाच्या उत्पन्नातून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा कडेवर घेऊन त्या बोटीत चढल्या. डॉक्टर व्हायचा विचार होता, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि ते पुढे वाढतच गेलं. इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्याच वर्षी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकायला आणि शिकवायला गेल्या. मनोरमा बराच काळ वाँटेजला जोगिणींजवळ राहिली.

इथून या मायलेकींच्या नात्याचा जो भाग सुरू होतो तो पत्रांमुळे आपल्याला ठाऊक आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी मनोरमेला नातीसारखं सांभाळलं. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. परक्या मुलखात, स्वतःची आई गेलेली असताना, आपल्या मुलीला आजी असावी असं या आईला वाटलं असेल, आणि त्या इंग्रज जोगिणीनंही ते नातं मनापासून घेतलं. पण आजीचा हक्क कुठवर आणि आईचा कुठून, यावरून दोघींत चांगलंच वाजलं. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वं शिकवायची, हा वादाचा मुद्दा होता. मला स्वतःला जे पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या गळी उतरवू नका, अशी रमाबाईंची भूमिका. ख्रिस्ताला मानलं म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं प्रत्येक म्हणणं मानलंच पाहिजे असं त्यांना वाटत नव्हतं. खाण्यापिण्यावरूनही बोलणं होई, कारण रमाबाई शाकाहारी होत्या आणि मुलीनंही तसंच राहावं असा त्यांचा आग्रह होता. मुलगी इंग्रज बनून जाऊ नये, तिनं आपल्या देशातल्या माणसांची होऊन राहावं, हे त्यांनी परत परत लिहिलं. आश्रित म्हणून ज्यांच्या घरी राहतो त्यांच्याशीच मुलीसाठी असं भांडायला मोठी हिंमत लागते. सिस्टर जेराल्डिन यांना हा हटवादीपणा वाटला. तरी त्यांनीच ही पत्रं वर्षानुवर्षं जपली आणि लावून ठेवली. अ. भि. शहा यांच्या संपादनात १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती छापली. मराठी माणसाला मायलेकींच्या नात्याचा एवढा सविस्तर लेखी पुरावा एकोणिसाव्या शतकातून क्वचितच दुसरीकडे मिळेल.

१८८६ च्या आरंभी रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या, आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी. तो ११ मार्चला झाला. चार-पाच महिन्यांचा मुक्काम ठरवून गेलेल्या रमाबाई तिथं दोन वर्षांहून अधिक राहिल्या. बालविधवांसाठी शाळा काढायची तर पैसा हवा, आणि पैसा उभा करायचा तर गावोगाव व्याख्यानं द्यायला हवीत. मनोरमेला त्यांनी वाँटेजला परत पाठवलं. पाच वर्षांची मुलगी अटलांटिकच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला. आईची पत्रं मुलीला जात राहिली. हे अर्पणपत्रिकेचं पुस्तक लिहिलं गेलं ते याच काळात.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. लक्ष्मीबाईंनी रमेसाठी जे केलं त्यात जवळीक होती. रमेला आई सोळा वर्षं अष्टौप्रहर मिळाली, उपाशीपोटी का होईना. रमाबाई मनोरमेला ते देऊ शकल्या नाहीत. हजारो परक्या मुलींसाठी त्यांनी जे उभारलं त्याची किंमत त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं बालपणी मोजली. बाप कामासाठी लांब राहिला तर त्याला कर्तबगार म्हणतात आणि आई राहिली तर तिला मुलीचं नाव घेऊन विचारतात, हा अन्याय खराच. तो मान्य करूनही त्या पोरीचा एकटेपणा खरा होता, आणि रमाबाईंना त्याची जाणीव नसती तर त्या पत्रांत इतकी काळजी उतरली नसती.

अमेरिकेत मिळालेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या हमीवर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य असं तिचं नशीब होतं. १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे, सर्वांची बाया झाली. मनोरमाही इंग्लंडहून येऊन आईजवळ या मुलींत वाढली. त्यांच्यातली ती वेगळी होती, कारण तिची आई जिवंत होती आणि तीच त्या घराची प्रमुख होती. पण एवढ्या मुलींची आई झालेल्या बाईच्या पोटच्या मुलीला आई कितीशी एकटीला मिळणार?

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात उपासमारीच्या छावण्या उभ्या राहिल्याचं कानावर येताच रमाबाई तिथं गेल्या. आपण जे भोगलं ते तिथल्या मुलींच्या चेहऱ्यावर दिसलं, असं त्यांनी लिहिलं आहे. रायचूरची ती भाकरी त्यांना विसरता येणार नव्हती. मुलींना घेऊन त्या परत आल्या, पण पुण्यात प्लेग. मग दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभारल्या, आणि मुक्ती सदन तिथं आकाराला आलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मनोरमा तेव्हा अमेरिकेत शिकत होती. आधी इंग्लंडमध्ये आणि मग न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली इथल्या चेसब्रो सेमिनरीत तिचं शिक्षण चाललं होतं. वय एकोणीस. तिच्या पुढे काय काय वाटा उघडल्या असत्या याचा अंदाज करता येतो. त्या काळी एका हिंदी मुलीला अशी संधी मिळणं फार दुर्मीळ होतं. पण केडगावला माणसं पुरत नव्हती, आई थकत होती, तिला ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. १९०० मध्ये मनोरमा परत आली.

ती परत आली ती आईची मुलगी म्हणून, पण राहिली सहकारी म्हणून. इथं मराठी वाचकानं तिला मनोरमाबाई म्हणायला हरकत नाही. शारदा सदनाचं मुख्याध्यापकपण त्यांनी सांभाळलं. मुक्तीच्या कामासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन लोकांपुढे बोलल्या. ब्रेल लिपी शिकून घेतली आणि केडगावात अंध मुलींना वाचायला शिकवलं. खेडेगावात, दुष्काळातून आलेल्या आंधळ्या मुलीच्या बोटांना अक्षरं ओळखायला लावायची, हे त्या काळी कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवीही त्यांनी मिळवली. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी राहिली, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. लग्न केलं नाही.

या आयुष्याला काय म्हणायचं? ‘आईसाठी आयुष्य वाहिलं’ असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्या कौतुकात मनोरमाबाई अगदी पुसल्या जातात. त्यांनी अंध मुलींना शिकवलं, हिशेब पाहिले, शाळा चालवली, परदेशातून पैसा आणला. हे एका संस्थेच्या कर्त्या माणसाचं काम आहे. रमाबाईंच्या चरित्रांत ते दोन-चार परिच्छेदांत उरकतं. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला निदान अर्पणपत्रिका आली, त्यांच्या पहाटेच्या पाठाची आठवण लेकीनं सांगितली. मनोरमेविषयी सांगायला पुढची लेकच नव्हती.

आईच्या हाकेसरशी परतलेल्या या मुलीकडे आज सहानुभूतीनं पाहताना तिच्या आईवर रागवायची गरज नाही. रमाबाईंनी मुलीला आपल्या कामाला जुंपलं, पण त्याआधी तिला दोन खंडांत शिकवलं. लग्नासाठी तिच्यामागे लागल्या नाहीत. वयाच्या पस्तिशीत मुलगी पदवीची परीक्षा देते याचं त्या घरात नवल नव्हतं. ज्या समाजात मुलीच्या शिक्षणाची मर्यादा तिचा नवरा किती शिकलेला मिळेल यावर ठरत होती, तिथं या दोघींनी एकमेकींना असं वाढवलं. ते करताना मुलीच्या तब्येतीकडे आणि तिच्या स्वतःच्या मनाकडे दुर्लक्ष झालं असेलही. काम संपत नसणाऱ्या प्रत्येक घरात ते होतं आणि बहुधा मुलीच्याच वाट्याला येतं.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अठरा वर्षं एका मोठ्या उद्योगाला दिली होती. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्याभोळ्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं. संस्कृत व्याकरणाची शिस्त आईकडून लहानपणी मिळालेली होती. तिच्या जोरावर त्यांनी मध्यमवयात या दोन जुन्या भाषा शिकून घेतल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, मुद्रितं काढणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या बायकाच. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेल्या. त्या हिब्रू आणि ग्रीक खिळेही जुळवायला शिकल्या. या सगळ्या पसाऱ्याची जबाबदारी आपल्यानंतर मनोरमाबाईंनी घ्यावी असं रमाबाईंनी ठरवलं होतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचं निधन झालं. चाळीस वर्षांच्या होत्या. आईला शेवटचा खांदा द्यायला मुलगी उरली नाही. रमाबाई कोलमडल्या नाहीत, निदान कामात खंड पडू दिला नाही. बायबलची मुद्रितं तपासणं चालू ठेवलं, संस्थेची पुढची व्यवस्था नव्यानं लावली, आणि नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. अनुवाद पुरा झाला होता. दोन वर्षांनी तो संपूर्ण छापून बाहेर आला, केडगावच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांच्या हातून.

मुक्ती सदन आजही केडगावला निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करतं. पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाड्या त्या स्टेशनावर थांबतात. रमाबाईंविषयी जाणून घ्यायला तिथं अभ्यासक येतात, परदेशातून येतात. लक्ष्मीबाईंच्या आणि मनोरमाबाईंच्या आयुष्याचा स्वतंत्र शोध घ्यायचा तर साधनं अजून हाताशी आहेत. रमाबाईंच्या आठवणी आहेत, बॉडलींची प्रस्तावना आहे, जेराल्डिनबाईंनी जपलेली पत्रं आहेत, संस्थेची जुनी इंग्रजी प्रकाशनं आहेत. ही पत्रं मुख्यतः इंग्रजीत लिहिलेली असल्यामुळे सामान्य मराठी वाचक त्यांच्या वाटेला जात नाही. एखाद्या तरुण अभ्यासक मुलीनं ती हाती घ्यावी, आईच्या बाजूनं न वाचता मुलीच्या बाजूनं वाचावीत, आणि मनोरमाबाईंचं चरित्र मराठीत सविस्तर लिहावं. शंभर वर्षं ते काम थांबलेलं आहे.